भोपळ्याने पाडलेला कायदा

बर्निसने आठशे पौंड ओलांडले त्या दिवशी हॉलिस ट्रुएटने दुकान उघडलंच नाही. गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं त्याचं दुकान बहिणीच्या घरामागच्या शेडमध्ये होतं. शेडला टेकून भाजीचा वाफा, आणि वाफ्याच्या मधोमध ऐसपैस बसलेली बर्निस. बर्निस म्हणजे भोपळा. भोपळ्याला बाईचं नाव ठेवलं होतं त्याच्या बहिणीने, मेल्बाने. त्यांची एक बर्निस मावशी होती. ती सोफ्यावर एकदा बसली की जेवायला हाक मारेपर्यंत उठायचं नाव नाही, आणि रंगही साधारण असाच.

"तिला हात लावून बघ," हॉलिस बहिणीला म्हणाला. "कालच्यापेक्षा आज कडक लागते ना?"

"मला अंडी उकडायची आहेत," मेल्बा म्हणाली. पण ओले हात फडक्याला पुसत ती बाहेर आली आणि तिने हात लावला. "अरे देवा," ती म्हणाली. "ही घराबाहेर निघायची कशी?"

"ती घरात नाहीये, मेल्बा."

"फाटकातून रे, गाढवा."

हा विचार हॉलिसने केलाच नव्हता. तो हसायला लागला, मग मेल्बाही, आणि दोघं भावंडं भोपळ्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या उन्हाळ्यात त्या घरात असंच चाललं होतं. एवढं हसू तिथं फार वर्षांनी आलं होतं.

फार वर्षांनी, कारण हॉलिसचं नाव राज्याच्या लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदीत होतं. एकोणीस वर्षांचा असताना तो मोजे विणायच्या गिरणीत कामाला होता. अकलेचं दिवाळं निघालेली पोरं एकत्र जमली की होतं ते झालं. शाळेच्या फुटबॉलच्या सामन्यात, मध्यंतराला, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नागडं पळून दाखवायची पैज लागली. कोणी ओळखू नये म्हणून हॉलिसने डोक्यावर शिरस्त्राण घातलं. पण पाय त्याचे धनुष्यासारखे बाहेर वळलेले. मैदानाच्या मध्यापर्यंत पोचायच्या आत अख्ख्या गावाने त्याला चालीवरून ओळखला होता. प्रेक्षकांत पोरंसोरं होती, तिथं जज मतांवर निवडून येतात आणि निवडणूक तोंडावर होती, आणि पोराबाळांसमोर अंगप्रदर्शन केल्याच्या कलमाखाली हॉलिसचं नाव नोंदीत चढलं ते तीस वर्षांसाठी. त्याच नोंदीत खरोखर भयंकर कृत्यं केलेली माणसं होती. हॉलिसचा फोटो त्यांच्या रांगेत. कोणालाही घरबसल्या बघता यायचा.

गिरणीची नोकरी गेली. जी मुलगी बघितली होती तिच्या वडिलांनी त्याला फाटकावरूनच परत पाठवला. जत्रा नाही, शाळेचं मैदान नाही, बागेतला झोपाळा नाही. पोरं जमतात तिथं त्याने फिरकायचं नाही. आणि पुढे राज्याने आणखी एक कायदा केला. ज्या साइटवर लोक आपलं नाव-फोटो लावतात, एकमेकांशी बोलतात, आणि जिथं अल्पवयीन मुलांनाही खातं उघडता येतं, अशा कुठल्याही साइटवर नोंदीतल्या माणसाने जायचंच नाही. गेला तर तुरुंग. म्हणजे सगळ्या जगाने इंटरनेटवर हॉलिसला बघावं, हॉलिसने मात्र कोणाला बघू नये.

हॉलिसने तो कायदा पाळला होता. म्हणजे पाळतोय असं त्याला वाटत होतं. ज्या चारपाच साइटची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात त्यांच्या वाटेला तो कधी गेला नाही. पण मोठाले भोपळे पिकवणाऱ्या लोकांची एक साइट होती. तिथं बियांविषयी, खताविषयी, भेगांविषयी बोलणं चाले. ती त्याला बियाण्याच्या दुकानासारखी वाटली. दुकानात गेलं तर कोण पकडतं? त्याने स्वतःच्या नावाने खातं उघडलं, फोटो म्हणून स्वतःचाच टोपीतला चेहरा लावला आणि विचारलं, "बुडाशी बारीक भेग दिसते. काय करू?" अर्ध्या तासात ओहायोच्या एका म्हाताऱ्याने, ओरेगनच्या एका नर्सबाईने आणि कॅनडातल्या कोणा पाद्र्याने उत्तरं दिली. "घाबरू नकोस, दोस्ता," पाद्र्याने लिहिलं होतं. "भेग कोरडी ठेव आणि प्रार्थना कर. कोरडी ठेवणं जास्त महत्त्वाचं."

दोस्ता हा शब्द हॉलिसने मेल्बाला बोलावून दाखवला.

त्यानंतर तो रोज लिहायला लागला.

*

डेप्युटी व्हर्नन स्पाइव्ही हा शेरीफच्या कचेरीतला माणूस, नोंदीतल्या लोकांवर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे. शाळेत तो हॉलिसच्या दोन वर्षं मागे होता आणि त्या सामन्याच्या रात्री बँडमध्ये सगळ्यात मोठा भोंगा वाजवत होता. हॉलिस समोरून पळत आला तेव्हा त्याचा श्वास भोंग्यात अडकला आणि जो आवाज निघाला तो गावात अजून कोणी विसरलेलं नाही. स्पाइव्ही आणि मेल्बा यांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. वर्षातून दोनदा तो पत्ता तपासायला यायचा, मेल्बा दारातच उभी राहून त्याला घाम पुसायला लावायची आणि पाणीसुद्धा विचारायची नाही.

नोंदीतल्या लोकांची नावं टाकून इंटरनेटवर शोधायचं हेही स्पाइव्हीचं काम. ऑगस्टमध्ये एका सकाळी त्याने हॉलिसचं नाव टाकलं आणि पडद्यावर चार ओळी आल्या. पूर्ण मजकूर वाचायला साइटचं सभासद व्हावं लागत होतं, म्हणून चारच ओळी. त्या अशा होत्या:

"रात्री थंडी होती, बर्निसला गोधडी पांघरली. सकाळी दूध पाजलं. आता तिला हलवायचं तर सहा माणसं लागतील. शेडच्या बाहेर कुणाला दिसू नये म्हणून ताडपत्री लावली आहे."

स्पाइव्हीने त्या ओळी तीनदा वाचल्या आणि कॉफी तशीच ठेवून उठला.

दोन गाड्या ट्रुएटांच्या अंगणात येऊन थांबल्या तेव्हा हॉलिस बर्निसच्या सावलीत खाली बसून तिच्या बुडाखालची वाळू सारखी करत होता. ओल धरू नये म्हणून तिला वाळूवर बसवली होती.

"हॉलिस, हात दिसतील असे ठेव," स्पाइव्ही म्हणाला. "बर्निस कुठं आहे?"

"कोण विचारतंय?"

"कायदा विचारतोय."

"तुला सांगितलं कोणी तिच्याविषयी?" हॉलिसला वाटलं शेजारच्या तालुक्यातल्या कोणीतरी हेर पाठवला. जत्रेतल्या भोपळ्यांच्या स्पर्धेला सहाच आठवडे राहिले होते. "हे बघ व्हर्नन, तिचा फोटो काढायचा नाही."

स्पाइव्हीचा चेहरा पांढरा पडला. "ती जिवंत आहे ना?"

"ठणठणीत आहे. रोज सातआठ पौंड चढतेय."

मागे उभ्या असलेल्या तरुण शिपायाने डोक्यावरची टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात मेल्बा मागच्या दाराने आली, हातात उलथणं. तिने गाड्या बघितल्या, स्पाइव्हीला बघितलं, आणि म्हणाली, "बर्निसला भेटायला आलास? मग तिच्यावरून पाय काढ. वेल तुडवतोयस तिचा."

स्पाइव्हीने खाली बघितलं. मग वेलावरून नजर सरकवत सरकवत ताडपत्रीपर्यंत नेली. ताडपत्रीखाली फुलाफुलांची गोधडी होती आणि गोधडीखाली नारिंगी रंगाचं काहीतरी, जवळजवळ लहान गाडीएवढं.

तरुण शिपाई अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"दूध?" शेवटी स्पाइव्हीने विचारलं.

"देठाजवळ दोरा घालून. थेंब थेंब," हॉलिस म्हणाला. "उपयोग होतो की नाही देव जाणे. ओहायोचा तो म्हातारा म्हणतो होतो."

"कुठला म्हातारा?"

आणि हॉलिसने भाबडेपणाने सगळं सांगितलं. साइट कोणती, कोण कोण असतं, पाद्री काय म्हणाला. शाळकरी पोरंही भोपळे लावतात, त्यांचीही खाती असतात, परवाच एका पोराचा भोपळा फुटला तेव्हा सगळ्यांनी हळहळ केली, हेही. सांगत असताना स्पाइव्हीचा चेहरा उतरत चालला होता. ते आधी मेल्बाच्या लक्षात आलं. तिने भावाच्या दंडाला धरून त्याला गप्प केलं, पण उशीर झाला होता.

"हॉलिस," स्पाइव्ही म्हणाला, "तू हे मला सांगायला नको होतंस."

"का?"

"कारण आता मला तुला घेऊन जावं लागेल."

*

जामीन त्याच दिवशी झाला. वकील कोर्टानेच दिला, कारण हॉलिसला परवडणारा नव्हता. वकील म्हणजे इमोजेन गॅस्किन्स नावाची एक काळी तरुणी, उंच, भराभर चालणारी, नेहमी कुठलातरी खाऊ तोंडात. पहिल्या भेटीत तिने फाइल वाचली, आणि वाचता वाचता शेंगदाणा घशात अडकून तिला ठसका लागला. हॉलिसने पाणी दिलं.

"माफ करा, मिस्टर ट्रुएट. हसायची गोष्ट नाही ही."

"आहे," हॉलिस म्हणाला. "मला कळतं. फक्त तुरुंगात गेलो तर तिला पाणी कोण घालेल?"

"तुम्ही गुन्हा कबूल केलात तर सरकारी वकील सोडून देईल. दंड भरा, घरी जा. शिवाय ते खातं बंद करा."

आजवर हॉलिसने आयुष्यात सगळं कबूलच केलं होतं. त्या मैदानावर पळालो हे कबूल. मूर्ख होतो हे कबूल. मुलीचा बाप फाटकावर उभा राहिला तेव्हा मान खाली घातली तेही एक कबूल करणंच. पण भोपळ्याच्या भेगेविषयी विचारलं हा गुन्हा आहे, हे काही त्याच्या तोंडातून निघेना.

"नाही कबूल केलं तर?"

इमोजेनने शेंगदाण्याची पिशवी बाजूला ठेवली. "तर मी कायद्यालाच कोर्टात उभं करीन," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "चार वर्षं झाली, या कायद्याची केस घेऊन कोणीतरी येईल म्हणून मी वाट बघतेय. पण जे आले त्यांचं तोंड बघूनच कोर्टाने दार लावलं असतं. मला एक भोपळा हवा होता."

*

खटल्याआधी जत्रा आली. हॉलिसला जत्रेच्या मैदानात पाऊल टाकता येत नव्हतं. त्यामुळे बर्निसला घेऊन मेल्बा गेली. कुंपण तोडावं लागलं, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणावा लागला. टेकडी उतरताना ट्रेलरमागे मोटारींची एवढी रांग लागली की लोकांना वाटलं कोणाची तरी अंत्ययात्रा चालली आहे. काहींनी तर रीतीप्रमाणे गाड्या बाजूला घेऊन दिवे लावले.

मैदानासमोरच्या रस्त्यापलीकडे टायरचं एक दुकान होतं. हॉलिसने मालकाच्या परवानगीने त्याच्या छपरावर खुर्ची टाकली, कायद्याला जेवढं अंतर हवं त्याहून थोडं जास्तच राखून. फोन कानाला. फोनवर बोलायला बंदी नव्हती.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"एक लठ्ठ माणूस दुसऱ्या लठ्ठ माणसाचा भोपळा उचलतोय," मेल्बाचा आवाज आला. "हॉलिस, इथं डुकराच्या मांसाचा नुसता घमघमाट सुटलाय. मी एक पावात घालून घेतलं."

"मला बोलून दाखवू नकोस."

"तुझ्यासाठी पण घेतलं. नंतर माझंच पोट भरलं नाही म्हणून तेही खाल्लं."

"बर्निस कुठाय?"

"तिला पट्ट्यांत घालतायत. थांब. उचलली. अरे देवा, हॉलिस, हिचं बूड सपाट झालंय रे, अगदी मावशीसारखं. आता काट्यावर ठेवली." मग बराच वेळ नुसता गोंगाट.

"मेल्बा?"

"अकराशे चाळीस."

"परत सांग."

"अकराशे चाळीस पौंड, माझ्या राजा. दुसऱ्या नंबरचा नऊशेचा पण नाही."

हॉलिस खुर्चीतून उठला आणि खाली बसला आणि परत उठला. छपराचा पत्रा वाजला, खालून टायरवाला ओरडला, काय पडलं?

फोनमधून भोंग्यावर बोलणाऱ्याचा आवाज येत होता. यंदाचा पहिला क्रमांक, पिकवणाऱ्याचं नाव काय, बाई? हॉलिसने श्वास रोखला. आदल्या रात्री त्याने मेल्बाला सांगून ठेवलं होतं, तुझंच नाव सांग, उगाच विचका नको.

"हॉलिस ट्रुएट," मेल्बा भोंग्यात म्हणाली, अगदी स्पष्ट, चर्चमध्ये वाचतात तसं. "माझा भाऊ. समोरच्या टायरच्या दुकानावर बसलाय."

गोंगाट थांबला. त्या शांततेत कोणा म्हातारीचा खणखणीत आवाज ऐकू आला, बहुधा तिला कमी ऐकू येत असावं. "कुठला ट्रुएट? तो शिरस्त्राणवाला? ज्याच्या खाली काहीच नव्हतं?"

मग जे हसू फुटलं ते हॉलिसने दोनदा ऐकलं, आधी फोनमध्ये आणि लगेच मागोमाग वाऱ्यावरून, रस्ता ओलांडून आलेलं. शेकडो माणसं हसत होती. एवढी वर्षं ज्याची त्याला धास्ती होती ते हे नव्हतं. यात दात नव्हते. कोणीतरी शिट्टी मारली. मैदानाच्या कडेला लोक जमून डोळ्यांवर हात धरून छपराकडे बघायला लागले, आणि हॉलिसला दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्याने टोपी काढून हलवली.

फाटकावर पहाऱ्याला स्पाइव्ही होता. त्याने छपराकडे बघितलं, अंतराचा डोळ्यांनी अंदाज घेतला, आणि ठीक आहे अशी मान हलवून परत वाहनं वळवायला लागला.

*

खटला नोव्हेंबरात उभा राहिला. जज पर्सेल हे म्हातारे गृहस्थ, बोलणं कमी, झोपल्यासारखे दिसायचे पण झोपलेले नसायचे. सरकारी वकिलाने साक्षीला स्पाइव्हीला उभं केलं. साइट अमुक, खातं आरोपीच्या नावाचं, मजकूर आरोपीनेच लिहिला, आरोपी नोंदीत आहे. सगळं दहा मिनिटांत सिद्ध झालं. हॉलिसने नाकारलंच नव्हतं.

मग इमोजेन उठली.

"डेप्युटी, या कायद्याप्रमाणे मिस्टर ट्रुएटना आपल्या गावच्या वर्तमानपत्राची साइट बघता येईल का?"

"तिथं खाली लोक मतं लिहितात," स्पाइव्ही म्हणाला. "फोटो लावतात. पोरंही लिहितात. नाही बघता येणार, मॅम."

"उद्या वादळ येणार असेल तर?"

"रेडिओ ऐकावा लागेल."

"मक्याच्या पावाची कृती हवी असेल तर? स्वयंपाकाच्या साइटवर?"

स्पाइव्हीने विचार केला. "माझी बायको जाते त्या साइटवर नाही चालणार. तिथं बायका एकमेकींशी भांडतात. साखर घालावी की नाही यावरून."

"चर्चची साइट? नोकरी शोधायची साइट? दुकानातली करवत चांगली की वाईट ते लोक लिहितात, ती?"

"नाही. नाही. आणि... नाही, मॅम." शेवटचं नाही म्हणताना तो जजकडे बघत होता. "मी कायदा केला नाही, साहेब. मला अंमलात आणायला दिलाय."

जज पर्सेल पुढे वाकले. "मी रोज सकाळी एका साइटवर शब्दकोडं सोडवतो. लोक तिथं गुण लावतात. लहान मुलं असतात का तिथं?"

"माझी पुतणी असते, साहेब. अकरा वर्षांची. फार हुशार आहे."

"तीच का ती," जज म्हणाले. "रोज मला हरवते." आणि मागे टेकले. कोर्टात खसखस पिकली. कारकूनबाईंना हसू आवरेना, त्या टेबलाखाली पेन शोधायला वाकल्या त्या बऱ्याच वेळ वर आल्या नाहीत.

हसत नव्हती अशी एकच बाई होती, शेवटच्या बाकावर, मांडीवर पर्स घट्ट धरून. हॉलिसचं तिच्याकडे मघाशीच लक्ष गेलं होतं.

निकाल दुपारी झाला. जज म्हणाले, मुलांचं रक्षण करणं हा राज्याचा हक्कच नव्हे तर कर्तव्य आहे, आणि मुलांशी संधान बांधायला जो कोणी या साइट वापरेल त्याच्यासाठी तुरुंगाचं दार उघडंच ठेवावं. पण या कायद्याने माणसाचं जगाशी बोलणंच बंद केलं आहे, बातम्या, नोकरी, देवाधर्मासकट. माशी मारायला राज्याने घर पेटवलं. असा कायदा राज्यघटनेपुढे टिकत नाही. आरोप रद्द.

इमोजेनने हॉलिसला मिठी मारली, मेल्बाने दोघांना मारली, आणि मग भरात येऊन स्पाइव्हीलाही मारली. तिने ते लक्षात येताच त्याला ढकलून दिलं. बाहेरच्या पायऱ्यांवर हॉलिसचे पाय जमिनीला लागत नव्हते. वाकडे असले तरी.

शेवटच्या बाकावरची बाई पायऱ्यांशी उभी होती. पन्नाशीची, नीटनेटकी, केस मागे घट्ट बांधलेले.

"मी डोरोथी लॅकी," ती म्हणाली.

हॉलिसने टोपी काढली. राज्यात ते नाव सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या मुलीला, तेरा वर्षांच्या, एका माणसाने अशाच एका साइटवर गाठलं होतं, पोरगा असल्याचं सोंग घेऊन. मुलगी वाचली, पण वाचली एवढंच. त्यानंतर हा कायदा झाला होता.

"मी तुमच्यावर रागावलेली नाही, मिस्टर ट्रुएट," ती म्हणाली. "आत बसून मी सगळं ऐकलं. ते दूध वगैरे. माझी मुलगी इथं असती तर हसली असती. हल्ली ती पुन्हा हसते कधी कधी."

"मॅम, मी..."

"मला बोलू द्या. कायद्यावर सही केली तेच पेन त्यांनी तेव्हा मला भेट दिलं, फोटो काढले. मला वाटलं, झालं, आता माझ्या लेकीच्या नावाने एक भिंत उभी राहिली. आणि आज बघते तर एका भोपळ्याच्या धक्क्याने पडली. इतकी कच्ची बांधली होती त्यांनी. राग येतो तो त्याचा." तिने पर्स दुसऱ्या हातात घेतली. "मी परत राजधानीला जाणार आहे. नीट कायदा करून घ्यायला. पोरांच्या वाटेला जाणाऱ्याला धरेल आणि बाकीच्यांना सोडेल असा. तुम्ही माझ्याबरोबर याल का?"

"मी?" हॉलिस म्हणाला. "मी तिथं काय बोलणार, मॅम? ते मला आत तरी घेतील का?"

"तुम्ही काही बोलू नका. माझ्या शेजारी बसा. आपण दोघं शेजारी बसलेले दिसलो की पुढचं मी बोलते."

हॉलिसने मेल्बाकडे बघितलं. मेल्बा रडत होती, आणि ती रडताना कुणाकडे बघायची नाही. "येईन," तो म्हणाला.

तो गेला. वसंतात, उसना कोट घालून. समितीपुढे डोरोथी लॅकी पाऊण तास बोलली आणि हॉलिस तिच्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसला. एका आमदाराने विचारलं, हे गृहस्थ कोण? डोरोथी म्हणाली, "तुमच्या कायद्याने पकडलेला माणूस. माझ्या मुलीचा गुन्हेगार अजून तुमच्या कायद्याला सापडलेला नाही." त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. नवा कायदा उन्हाळा लागायच्या आत झाला. तो लहान होता आणि कडक होता. दोन पानांत मावला. हॉलिसचं नाव नोंदीत राहिलंच. तीस वर्षं पुरी व्हायची होती, आणि त्याबद्दलचा अर्ज इमोजेन करणार होती, कोर्टाला फुरसत झाली की.

पण आता तो बोलू शकत होता. मेल्बाने स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याला एका मोठ्या साइटवर खातं उघडून दिलं. पहिला अख्खा दिवस त्याने नुसतं वाचलं. कोणाच्या कुत्र्याला पिल्लं झाली, कोणाचं छप्पर गळतंय, धरणाजवळ मासे लागतायत. त्याच्या शाळेतली पोरं टकली झाली होती, आणि ज्या मुलीच्या बापाने त्याला फाटकावरून परत पाठवला होता तिला तीन मुलं होती, सगळ्यांचे दात पुढे. हॉलिस हसत होता. मेल्बाने दोनदा जेवायला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी त्याचं भांडण झालं. डुकराच्या मांसावर आंबट शिरका, म्हणजे व्हिनेगर, घालायचा की मोहरीची चटणी, असा वाद चालला होता. हॉलिसने लिहिलं, मोहरी घालणाऱ्याने ते मांस सरळ डुकराला परत करावं. शेजारच्या राज्यातला कोणी एक माणूस खवळला. तासभर दोघांचं जुंपलं. हॉलिस दोन बोटांनी टाइप करत होता, कपाळावर घाम, जीभ बाहेर.

"मेल्बा," एकदम तो ओरडला. "इकडे ये. लवकर."

मेल्बा पळत आली, तिला वाटलं काहीतरी झालं. "काय झालं?"

"वाच." त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

तिने चष्मा नाकावर चढवला आणि वाचलं. "'तुझ्यासारखा मूर्ख माणूस मी जन्मात बघितला नाही.' बरं मग? यात ओरडण्यासारखं काय आहे?"

"मूर्ख म्हणाला मला," हॉलिस म्हणाला. त्याचा चेहरा दिव्यासारखा उजळला होता. "माझं नाव दिसतंय त्याला, फोटो दिसतोय, सगळं दिसतंय. आणि तो नुसतं मूर्ख म्हणाला. शिरक्यावरून."

मेल्बाने त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. मग खुर्ची ओढून शेजारी बसली. "सरक तिकडे," ती म्हणाली. "याला मी सांगते मोहरी म्हणजे काय ते."